थकलेल्या जिवाला सोबत



रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात आपण एकमेकांची विचारपूस करतो. "काय, बरं आहे ना?" असा प्रश्न येतो आणि "देवाच्या कृपेने बरं आहे" असे उत्तर जाते. हे उत्तर खोटे नसते. पण कितीतरी वेळा ते अर्धेच असते. त्या गर्दीत रात्रपाळी करून घरी न जाता सरळ मिस्साला आलेली नर्स असते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत महिनाभर ओव्हरटाइम करून घराचा हप्ता भरणारा गृहस्थ असतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सगळे करता करता स्वतःचे जेवण उभ्याउभ्या उरकणारी सून असते. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा आखातात गेल्यावर मागे राहिलेले आजी-आजोबा असतात. आणि वर्षानुवर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे, गायनमंडळ सांभाळणारे, आजाऱ्यांच्या घरी जाणारे आपले कार्यकर्तेही असतात.

ह्यांचा थकवा एका झोपेने जात नाही. प्रार्थनेला बसले तर शब्द सुचत नाहीत. जपमाळ हातात असते, पण मन कोरडे असते. मग त्यात अपराधीपणाची भर पडते: "माझा विश्वासच कमी पडतो की काय?"

ह्या लेखात आपण अशा थकव्याचा विचार करणार आहोत. सांगायचे आहे ते थोडक्यात असे: देव थकलेल्याला धीर देतो, पण बहुधा तो दुसऱ्या माणसाच्या हातून देतो. त्या माणसाला आपल्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून आपल्याला तोंड उघडावे लागते.

१. पवित्र शास्त्रातील थकलेली माणसे

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात इस्राएल लोकांची अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. डोंगरमाथ्यावर मोशे हात वर करून उभा आहे. हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी होते, हात खाली आले की शत्रूची. पण मोशेचे हात भरून येतात. म्हणजे प्रार्थना करणारा, देवाशी बोलणारा माणूसदेखील दमतो! अशा वेळी अहरोन आणि हूर त्याला उपदेश करीत नाहीत. ते एक धोंडा आणून त्याला बसायला देतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवतात. लढाई जिंकली जाते, पण मोशेच्या एकट्याच्या बळावर नव्हे.

एलीया संदेष्ट्याचे पाहा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवल्यानंतर लगेच तो रानात पळून जातो आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात हे आपण वाचतो. देव त्याला रागावत नाही. देवदूत येतो, त्याला स्पर्श करून उठवतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. होरेब पर्वताची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची आहे. पुढे देव त्याला अलीशासारखा सोबतीही देतो.

संत पौल हा तर खंबीर प्रेषित. तरीही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो मोकळेपणाने सांगतो, की मासेदोनियात त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बाहेर भांडणे आणि आत भीती होती. मग देवाने त्याचे सांत्वन केले. कसे? तीताच्या येण्याने! आकाशवाणी झाली नाही, एक मित्र दारात आला. पुढे पौल तुरुंगात असताना अनेसिफर त्याला रोममध्ये शोधत शोधत भेटायला गेला, त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. ही आठवण पौलाने तीमथ्याला कृतज्ञतेने लिहून कळवली आहे.

आणि आपला प्रभू? गेथशेमाने बागेत त्याने पेत्र, याकोब आणि योहान ह्यांना बरोबर घेतले, आपल्या जिवाला किती दुःख झाले आहे ते त्यांना सांगितले आणि जागे राहून सोबत करण्याची विनंती केली. ते झोपी गेले ही वेगळी गोष्ट. पण देवाच्या पुत्रानेही आपले दुःख मित्रांना सांगितले. क्रूस वाहतानाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा त्याने नाकारला नाही. मग "दुसऱ्याला सांगणे म्हणजे विश्वासाची कमतरता" असे आपण कोणत्या आधारावर म्हणावे?

२. पूर दिसतो, मनातले पाणी दिसत नाही

कोल्हापूरकरांना पावसाळ्यात एक आकडा रोज तोंडपाठ असतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोळ तालुक्यातील गावे पाण्यात वेढली गेली, शहरात शाहूपुरीसारख्या भागात पाणी घुसले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. तेव्हा कोणालाही मदत मागावी लागली नाही. शाळा आणि मंगल कार्यालये उघडली गेली, घरोघरी चपात्या लाटल्या गेल्या, कोणी बोट आणली, कोणी औषधे, कोणी अंगावरचे कपडे. जात-धर्म कोणी विचारला नाही.

पण ज्यांची घरे पाण्यात गेली त्यांना विचारा, खरा थकवा केव्हा आला. पाणी चढत असताना नव्हे. पाणी ओसरले, चिखल काढून झाला, पंचनामे झाले, मदतीच्या गाड्या परत गेल्या, त्यानंतर! ओल आलेल्या भिंतीकडे बघत बसताना हातपाय गळाले. त्या वेळी मात्र दारात कोणी नव्हते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसत होते.

मनाचेही असेच असते. मनाला पाण्याची पातळी मोजणारी पट्टी लावलेली नसते. आपल्या शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या आत पाणी ४३ फुटांवर गेले आहे, हे त्याने सांगितल्याशिवाय आपल्याला कळत नाही. घरात मयत झाली की पहिले आठ दिवस माणसांची रीघ असते. तीन महिन्यांनी, जेव्हा एकटेपण खरोखर जाणवू लागते, तेव्हा फारच थोडे जण येतात. म्हणून थकलेल्याने बोलावे आणि इतरांनी उशिरानेही आठवण ठेवावी, ह्या दोन्हींची गरज आहे.

३. संत मदर तेरेसा आणि पुण्याचे फादर नॉयनर

असे बोलण्याचे मोल काय असते, हे आपल्या काळातील एका संत स्त्रीच्या जीवनात दिसते. मदर तेरेसा ह्यांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना रेल्वेत गरिबांतील गरिबांची सेवा करण्याची हाक ऐकू आली. १९५० मध्ये त्यांचा 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' हा व्रतस्थ संघ स्थापन झाला. पण काम सुरू झाले त्याच सुमारास त्यांच्या आत्म्यात अंधार पसरला. पहाटे उठून प्रार्थना, दिवसभर रोगी आणि मरणोन्मुख माणसांची सेवा, चेहऱ्यावर हसू; आणि अंतःकरणात मात्र देव दूर गेल्याची, त्याला आपण नकोसे झाल्याची जाणीव. १९५८ मध्ये पोप बारावे पायस ह्यांच्या निधनानंतरच्या मिस्साच्या दिवशी त्यांनी देवाकडे खूण मागितली आणि तो अंधार काही आठवडे दूर झाला. मग तो परतला.

बाहेर ह्याची कोणाला कल्पनाही नव्हती. पण मदर पूर्णपणे गप्प राहिल्या नाहीत. आपले आर्चबिशप आणि मोजके आध्यात्मिक मार्गदर्शक ह्यांना त्या हे सांगत आणि लिहीत राहिल्या. त्या मोजक्यांपैकी एक होते फादर जोसेफ नॉयनर.

हे येशूसंघीय धर्मगुरू मूळचे ऑस्ट्रियाचे. जन्म १९०८ चा. १९३८ साली ते भारतात आले. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले होते. पुढे पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी धर्मगुरूंच्या कित्येक पिढ्यांना ईशज्ञान शिकवले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत त्यांनी तज्ज्ञ म्हणून काम केले. डिसेंबर २००९ मध्ये वयाच्या एकशे एकाव्या वर्षी पुण्यातच ते प्रभूकडे गेले. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन होण्यापूर्वी आपले कोल्हापूर पुणे धर्मप्रांतात होते. म्हणजे फादर नॉयनर हे एका अर्थाने आपल्याच घरातले.

१९६१ साली फादर नॉयनर ह्यांनी कोलकात्यात मदरच्या भगिनींसाठी तपसाधना घेतली. त्या वेळी मदर त्यांच्याशी बोलल्या. फादरांच्या सांगण्यावरून त्यांनी आपली अवस्था लिहूनही दिली. नंतर त्यांनी फादरांना कळवले, की ह्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला तो अंधार प्रिय वाटू लागला आहे, कारण येशूने भोगलेल्या अंधाराचा आणि वेदनेचा तो एक लहानसा अंश आहे अशी आपली खात्री झाली आहे.

इथे नीट लक्ष देऊ या. अंधार गेला नाही. १९७९ मध्ये मदरना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, त्या वर्षीही एका धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ह्याच रितेपणाचा उल्लेख केला आहे. अंधार राहिला, पण त्या अंधारातले एकटेपण कमी झाले. आणि तेवढ्या बळावर त्या १९९७ पर्यंत, शेवटपर्यंत, सेवा करीत राहिल्या. ४ सप्टेंबर २०१६ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

४. फादर नॉयनर ह्यांनी काय सांगितले?

फादरांनी मदरना मुख्यतः तीन गोष्टी सांगितल्याचे त्यांनी स्वतःच नंतर नमूद केले आहे. त्या आपल्यालाही उपयोगी आहेत.

पहिली गोष्ट: ह्या अंधारावर मानवी उपाय नाही, म्हणून त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये. आपण थकलेल्याला बहुधा उलटे सांगतो. "तू प्रार्थना कमी करतोस", "मन घट्ट कर", "काहीतरी पाप राहिले असेल बघ." बिचारा आधीच वाकलेला असतो, त्याच्या पाठीवर आपण आणखी एक पोते ठेवतो. फादरांनी मात्र आधी ते ओझे उतरवले.

दुसरी गोष्ट: येशू जवळ असल्याचे जाणवणे हाच त्याच्या जवळ असण्याचा एकमेव पुरावा नव्हे. देवाची जी ओढ लागली आहे, तीच तो लपून जवळ असल्याची खूण आहे. ज्याला देव नकोच असतो त्याला देव दूर गेल्याचे दुःख होत नाही. कोरड्या मनाने का होईना, आपण रविवारी चर्चमध्ये येऊन बसतो, ही ओढच नव्हे काय? विहीर आटली म्हणून तहान लागायची थांबत नाही. तहान आहे तोवर माणूस पाण्याकडे जाणारच.

तिसरी गोष्ट: हा अंधार म्हणजे तिच्या कार्याचीच आध्यात्मिक बाजू होय. ज्यांना कोणी नाही त्यांची सेवा करणाऱ्या मदरना, कोणी नसणे म्हणजे काय हे आतून भोगावे लागले. आपल्या बाबतीत असे थेट म्हणताना जपून राहावे, कारण प्रत्येक थकवा संतांचा अंधार नसतो. काही थकवा जागरणाचा असतो, काही कर्जाचा, काही एकट्यावर पडलेल्या कामाचा. तो वाटून घेतला पाहिजे. त्याला आध्यात्मिक नाव देऊन तसाच राहू देऊ नये. पण एवढे खरे, की प्रभूच्या चरणी ठेवलेला थकवा वाया जात नाही. जो स्वतः दमला आहे, त्याला दुसऱ्याचे दमणे लवकर कळते.

५. कोणाला सांगावे, कसे सांगावे?

मदरनी आपले मन चारचौघांत उघडे केले नाही. माणसे निवडली. ती पत्रे जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती. त्या हयात असेपर्यंत ती गोष्ट जगापुढे आली नाही. ह्यातून आपल्याला दोन्ही गोष्टी शिकता येतात: सांगावे, पण जाणून सांगावे.

आपल्यात एक अडचण आहे, ती स्पष्ट बोलू या. विभागातील प्रार्थनासभेत कोणी मन मोकळे केले, की ते "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं" ह्या नावाखाली आठवडाभरात चार घरी पोहोचते. एकदा असे झाले की तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. दुसऱ्याचे दुःख प्रार्थनेच्या निमित्ताने पसरवणे हीदेखील चहाडीच आहे.

म्हणून एक माणूस निवडावा: ज्याने आजवर दुसऱ्याचे काही आपल्यापाशी बोलून दाखवले नाही असा. ते आपले धर्मगुरू असतील, एखाद्या सिस्टर असतील, थोरली बहीण असेल, बाप्तिस्म्याची धर्ममाता असेल. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरूंना जे सांगितले जाते ते गुप्तच राहते. तेथे पाप सांगताना आपला थकवाही सांगायला हरकत नाही. समोर बोलणे जमत नसेल तर मदरप्रमाणे कागदावर लिहावे. सुरुवात लहान असली तरी चालेल: "मला तुमच्याकडून सल्ला नको, पण दहा मिनिटे ऐकाल का?" एवढे वाक्य पुष्कळ झाले.

आणि नेमकी मदत मागावी. "माझ्यासाठी प्रार्थना करा" हे तर म्हणावेच, पण "गुरुवारी दोन तास आईजवळ बसाल का?" हेही म्हणावे. मोशेला धोंडा हवा होता, एलीयाला भाकर.

झोप आणि भूक हरपली, कशातच रस उरला नाही, जगणे नकोसे वाटते, असे दिवसेंदिवस चालू राहिले तर डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नये. मनाचा आजार हा मधुमेहासारखाच आजार आहे. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. डॉक्टरांच्या हातूनही प्रभूच बरे करतो.

६. ऐकणाऱ्याने काय करावे?

प्रेषितांनी योसेफ नावाच्या एका भाविकाला बर्णबा, म्हणजे धीराचा पुत्र, असे नाव दिले. ह्याच बर्णबाने, सर्व जण शौलाला भीत असताना, त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेले. प्रत्येक धर्मग्रामाला असे बर्णबा लागतात. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवू या.

आधी ऐकावे, "माझेही असेच झाले होते" ही आपली कहाणी लगेच सुरू करू नये. कारणे शोधू नयेत. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर ठीक होते, बोलू लागले तेव्हा चुकले. उत्तर सापडले नाही तर तसे प्रामाणिकपणे सांगावे. रिकाम्या हाताने जाऊ नये: डबा न्यावा, औषधे आणून द्यावीत, मुलांचा अभ्यास घ्यावा. ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे. आणि पुन्हा जावे, कारण धीर एका भेटीत पुरत नाही.

जे नेहमी इतरांना धीर देतात त्यांचीही चौकशी करावी. आपल्या फादरांना, सिस्टरांना, वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना "आपण कसे आहात?" असे विचारून उत्तराची वाट पाहणारे किती जण आहेत? मोशेचे हात भरून आलेत हे अहरोनाला दिसले, कारण तो मोशेकडे पाहत होता.

चिंतनासाठी प्रश्न (घरी किंवा विभागाच्या सभेत)

१. मी शेवटचे मनमोकळे कधी बोललो? कोणाशी?
२. गेल्या वर्षभरात ज्यांच्या घरी मयत झाली किंवा मोठे आजारपण आले, त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो का?
३. विश्वासाने सांगितलेली कोणाची गोष्ट माझ्याकडून पुढे गेली आहे का?
४. आपल्या विभागात एकट्यावर पडलेले कोणते काम आपण वाटून घेऊ शकतो?

ह्या आठवड्याचा निश्चय: एका माणसाला खरे उत्तर देईन, आणि एका माणसाचे खरे उत्तर ऐकून घेईन.

प्रार्थना: हे प्रभू येशू, गेथशेमानेत तूही सोबत मागितलीस. आमच्यातील जे थकले आहेत त्यांना बोलण्याचे धैर्य दे. जे ऐकतात त्यांना धीराचे कान आणि मिटलेले ओठ दे. आमच्या धर्मग्रामात कोणाचेही हात एकट्याने वर धरण्याची वेळ येऊ देऊ नकोस. संत मदर तेरेसा, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.